ताईंचा हलका हात

माझ्या नवऱ्याला इंजेक्शन त्याच्या बहिणीने द्यायचं असं ठरलं, तेव्हा मी तिथेच बसले होते. मला कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंही, कारण सुई बघितली की माझे हात थरथरतात हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. मुलाला लहानपणी लस टोचायला न्यायचे, तेव्हा तो राहायचा बाजूला आणि नर्सबाई मलाच खुर्चीत बसवून पाणी पाजायच्या. हा किस्सा माझ्या नणंदेने इतक्या लग्नांत आणि इतक्या बारशांत सांगितलाय, की आता तो ऐकताना मीही सवयीने हसते.

पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. जळफळाट झाला, अगदी सरळ सांगायचं तर.

नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर आहे. जुनाट, सावकाश चालणारा प्रकार. पहिल्यांदा कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती, पण डॉक्टर म्हणाले, रोज एक गोळी घ्यायची आणि आपलं आयुष्य जगायचं. खरोखरच तसं झालं. तो मानपाड्याच्या कंपनीत नोकरीला जात राहिला, रविवारी मटण आणत राहिला, मॅच बघताना ओरडत राहिला. त्या गोळीचा कारभार माझ्याकडे होता. रात्रीचं जेवण झालं की पाण्याचा पेला आणि गोळी मी त्याच्यापुढे ठेवायचे, आणि तो गिळेपर्यंत उभी राहायचे. गिळली की तो जीभ बाहेर काढून दाखवायचा. नवरा-बायकोत दुसरी काही गंमत उरली नव्हती असं नाही, पण ही एक आमची दोघांची होती. वर्षानुवर्षं मी एकही दिवस चुकवला नाही, आणि ह्याबद्दल मला कोणी शाबासकी दिली नाही. गोळी काम करत होती ना, मग तिच्याकडे बघायचं तरी कोणी कशाला!

मग एका तपासणीत आकडा वर गेला. गोळी बदलली. थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा आकडा वर. पुढची तपासणी झाल्यावर ठाण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की आजाराच्या पेशींनी आपला एक भाग बदलून घेतलाय. "गोळी ज्या कुलपात बसायची, ते कुलूपच त्यांनी बदललं. आता चावी फिरवून उपयोग नाही."

मी विचारलं, "मी गोळी चुकवली नव्हती हो डॉक्टर. एकदाही."

"तुमचा काही संबंध नाही ह्यात," ते म्हणाले. मला दिलासा म्हणून म्हणाले असतील, पण ते वाक्य मला बरेच दिवस खुपत होतं.

त्यांनी मग एका इंजेक्शनबद्दल सांगितलं. चीनकडच्या डोंगरात देवदारासारखं सुईच्या पानांचं एक झाड असतं, त्याच्या पानांतून आणि सालीतून एक द्रव्य काढतात. ते त्या बदललेल्या कुलपाच्या वाटेला जातच नाही. पेशीच्या आतला स्वयंपाकच बंद पाडतं, म्हणजे तिला जगायला जे लागतं ते बनतच नाही. बाहेरून मागवावं लागेल, महिन्यातले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ कातडीखाली टोचावं लागेल, आणि रक्तातल्या चांगल्या पेशीही उतरतील, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. हे लागू पडलं नाही तर पुढच्या वाटा अवघड आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही. आमचे चेहरे उतरलेले बघून ते शेवटी जरा हसले आणि म्हणाले, "घाबरू नका हो. मूळचं झाडपाल्याचंच औषध आहे म्हणा ना."

त्या एका शब्दाने पुढे काय काय केलं, हे डॉक्टरांना माहीत नाही.

परत येताना शिळफाट्याला गाडी अडकली, तेव्हा नवऱ्याने फोन काढला. मला वाटलं मुलाला लावतोय. तर पलीकडून ताईंचा आवाज आला आणि हा म्हणाला, "ताई, शेवटी झाडपालाच निघाला बघ!" सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या आवाजात धुगधुगी आली होती. मी त्याच्या शेजारी बसले होते, माझ्या मांडीवर त्याच्या तपासण्यांची फाइल होती, आणि धुगधुगी मात्र कळव्याला, बहिणीकडे गेली.

ताई त्याच्याहून बऱ्याच मोठ्या. आई सतत आजारी, म्हणून ह्याला आंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलेलं. लग्नही कळव्यातच झालं, त्यामुळे त्या फार लांब कधी गेल्याच नाहीत. यजमान वारले, मुलगी नाशिकला दिली. ह्याला गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं, की ह्या गोळ्यांनी अंगात उष्णता वाढते, झाडपाल्याचं काहीतरी बघा. मी विज्ञान शिकवणारी बाई, मी दर वेळी त्यांना समजावायचे आणि त्या दर वेळी "तू शिकलेली ग" म्हणून विषय संपवायच्या. आता साक्षात ठाण्याच्या डॉक्टरांनीच त्यांच्या पारड्यात माप टाकलं होतं.

त्यांना स्वतःला साखरेचा आजार आहे आणि स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचून घ्यायची सवयही. त्यामुळे कातडीखाली इंजेक्शन म्हटल्यावर प्रश्नच मिटला. दुसऱ्याच दिवशी त्या मानपाड्याला आमच्याकडे आल्या. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात रंगाच्या जुन्या डब्यात लावलेली सदाफुली.

"ही कशाला आणलीत?" मी विचारलं.

"माझ्याशिवाय पाणी कोण घालणार तिला?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या बाल्कनीतली तुळस सरकवून डबा तिथे ठेवला.

हॉस्पिटलमधल्या नर्सने त्यांना एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी करून दाखवलं. नर्स म्हणाली, "मावशी, तुमचा हात किती हलका आहे!" झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात हलक्या हाताशिवाय दुसरा विषय नाही. ह्याने मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, कंपनीतले लोक भेटायला आले त्यांना सांगितलं. "आमच्या ताईचा हात म्हणजे, मुंगी चावल्याइतकंही कळत नाही." प्रत्येक जण ताईंकडे कौतुकाने बघायचा, ताई नको नको म्हणायच्या, आणि मी चहा आणायला उठायचे.

माझ्याकडे काय होतं? भरलेल्या सिरिंजा हॉस्पिटलमधून तयार मिळायच्या आणि थंड ठेवाव्या लागायच्या, म्हणून दर काही दिवसांनी बर्फाची पेटी घेऊन ठाण्याला जायचं. औषधाने पोट बिघडायचं, तेव्हा चादरी बदलायच्या. भात मऊ, वरण पातळ. संडास घासायचा. ह्या कामांना हात हलका की जड असं कोणी म्हणत नाही.

सकाळ-संध्याकाळ तो पलंगावर शर्ट वर करून पडायचा. ताई हातमोजे घालायच्या, औषध डोळ्यांत उडू नये म्हणून हॉस्पिटलने दिलेला मोठा पारदर्शक चष्मा चढवायच्या आणि म्हणायच्या, "चल, बघ तिकडे." तो लहान मुलासारखा भिंतीकडे तोंड करायचा. मला बघवायचं नाही म्हणून मी दाराबाहेर. आतून त्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. खाडीत चिंबोऱ्या पकडायला गेलेलो आणि तुझी चप्पल चिखलात रुतलेली. आईने मला मारलेलं आणि तू रडलेलीस. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला त्या चपलेबद्दल कधी सांगितलं नव्हतं. मी फडकं घेऊन दाराची कडी पुसायचे, आधीच लख्ख असलेली. त्या बाहेर आल्या की मी विचारायचे, "झालं?" आणि त्या म्हणायच्या, "झालं की. त्याला कळलंसुद्धा नाही."

रात्रीची जेवणं झाली की माझा हात अजून सवयीने पेल्याकडे जायचा. गोळी बंद झाली होती. जीभ दाखवणं बंद झालं होतं. ज्या झाडाला मी आयुष्यात कधी बघणार नाही, त्या झाडाचाही मला राग यायचा. उगवलं ते उगवलं, त्यातून गोळी का नाही निघाली!

पहिली फेरी संपत आली तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दात घासताना बेसिन लाल व्हायचं. तपासणीत प्लेटलेट्स खूप खाली आलेल्या. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलेलं, त्यामुळे ते डगमगले नाहीत, पण घरात आम्ही तिघंही हबकलो. त्याला जपून चालवायचं, दाढी करू द्यायची नाही, जरा कुठे लागू द्यायचं नाही.

त्याच दिवसांत एका सकाळी मी सिंकमधली चहाची गाळणी धुवायला घेतली. गाळणीत चहा नव्हता. उकडून काळपट झालेली लांबट पानं होती, बरीच. मी बाल्कनीत गेले. सदाफुलीच्या फांद्या खालपासून ओरबाडलेल्या आणि फुलं तेवढी वर शिल्लक.

मी विज्ञान शिकवलेली बाई. सदाफुलीतून कॅन्सरची औषधं निघतात आणि ती भलती जहाल असतात हे मी दर वर्षी वर्गात सांगत आले होते. मी घाबरायला हवं होतं. पण माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की सापडल्या! सापडल्या एकदाच्या! माझ्या अंगात अशी काही हुशारी आली, की ती ओली गाळणी हातात धरून मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले.

"ताई, हे काय आहे?"

त्या पेपर वाचत होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काढा आहे. त्याला देतेय ना मी रोज."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? डॉक्टरच म्हणाले ना, झाडपाल्याचं औषध आहे म्हणून. मला पहिल्याच दिवशी कळलेलं, सदाफुलीच असणार. रक्ताच्या कॅन्सरचं औषध सदाफुलीतूनच काढतात, मोबाइलवर आलेलं मला. आणि इंजेक्शनने त्याची साखर वाढलेली, तीही उतरेल. मी खातेच की पानं साखरेसाठी, मला काय झालं?"

"ते झाड वेगळं आहे ताई! सदाफुलीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही! त्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय आणि तुम्ही त्याला हे पाजताय?" माझा आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेला असेल. मला जाऊच द्यायचा होता.

आतून हा भिंतीला धरत धरत बाहेर आला. माझ्या हातातली गाळणी बघितली, बहिणीचा पडलेला चेहरा बघितला, आणि म्हणाला, "ताईला काही बोलू नकोस. मीच मागितला काढा."

खोटं बोलत होता. त्याला साधा आल्याचा काढा दिला तर तो नाक दाबून पितो. पण तिच्यासाठी तो खोटं बोलला, आणि तेही माझ्यासमोर, माझ्याशी. माझी सगळी हुशारी तिथल्या तिथे बसली.

मी हट्टाने ताईंना ठाण्याला सोबत नेलं. डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकावं, असं मला वाटत होतं. खरं तर मला एकच वाक्य हवं होतं, की तुमच्यामुळे झालं हे. डॉक्टरांनी गाळणीची हकिगत ऐकली, आधी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःलाच बोल लावला. "माझंच चुकलं. झाडपाला म्हणालो मी, नाही का?" मग ताईंना नीट समजावलं, की सदाफुलीची औषधं वेगळ्या कॅन्सरला देतात, ती शुद्ध करून आणि मोजून देतात, आणि पानं उकळून ह्याच्या पोटात किती काय गेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

"म्हणजे रक्त त्याच्यामुळे आलं?" मी विचारलं.

"ह्या इंजेक्शनने पेशी उतरतातच. त्या उतरल्याच असत्या. काढ्याने भर घातली असेल, नसेल. बंद करा म्हणजे झालं."

असेल, नसेल! एवढ्यावर माझी बोळवण. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी हातातला रुमाल पिळून पिळून त्याची दोरी केली होती.  घरी आल्यावर त्यांनी डब्यातली सदाफुली मुळासकट उपटली आणि कचऱ्यात टाकली. मी थांबवलं नाही.

मधली सुटी डॉक्टरांनी लांबवली. पेशी हळूहळू वर आल्या, हिरड्यांतलं रक्त थांबलं. आणि मोठ्या तपासणीत आजाराचा आकडा खाली आलेला दिसला. पूर्ण नाही, पण गोळ्यांना दाद न देणारा तो आकडा पहिल्यांदा खाली आला होता. डॉक्टर म्हणाले, लागू पडतंय, पुढची फेरी करू. मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले. नवरा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता आणि दुसऱ्या हाताने फोन लावत होता. कुठे, ते सांगायला नको.

पुढच्या फेरीची पहिली सकाळ. ताई तयार होऊन पलंगाजवळ बसल्या आणि बराच वेळ काही झालं नाही. गप्पाही नाहीत. शेवटी "झालं" म्हणून बाहेर आल्या तेव्हा घामाने डबडबल्या होत्या. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी ओट्याला धरलं.

"संध्याकाळी तू दे ग," त्या म्हणाल्या. "माझा हात धजत नाही आता. सुई नेते आणि मला ती पानं दिसतात. मी काय पाजलं त्याला!"

"माझे हात थरथरतात, ताई. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

"थरथरू देत. शिकवते."

दुपारी जेवणाआधी त्यांच्या इन्सुलिनची वेळ झाली. त्यांनी साडीचा पदर बाजूला केला, पोटाची वळी चिमटीत धरली आणि सुई माझ्या हातात दिली. "हं. घे माझ्यावर हात बसवून."

टोचून बोलायची मला चांगली सवय आहे, पण टोचायचं कधी धाडस झालं नव्हतं. आणि नणंदेला सुई टोचायची अशी राजरोस संधी मिळाल्यावर माझा हात लटालटा कापत होता. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि सुईसकट खाली नेलं. "दुखलं?" मी विचारलं. "दुखलं," त्या म्हणाल्या, "पण गेली बरोबर."

संध्याकाळी मी हातमोजे घातले, चष्मा चढवला. नवऱ्याने मला त्या अवतारात बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई कुठेय?"

"मी देतेय."

"तू?"

"हो, मी. बघ तिकडे." तो भिंतीकडे वळला नाही. माझ्या हाताकडेच बघत राहिला. ताई दारात, मी रोज जिथे उभी असायचे तिथे, उंबऱ्याच्या बाहेर. मी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. इतके दिवस मी ते पोट जवळून बघितलंच नव्हतं. जिथे जिथे सुई गेली तिथे तिथे लाल-निळे डाग पडलेले, काही ठिकाणी गाठी. हे मुंगी चावल्याचं नव्हतं. चांगली जागा शोधायला मला वेळ लागला, मग मी श्वास धरला आणि सुई घातली.

"आई गं! अगं मेलो! हळू! खाटीक आहेस का तू?" तो केवढ्याने ओरडला. माझा हात पकडून ओरडला, शिव्या दिल्या, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी हळूहळू औषध आत ढकललं, सुई काढली, कापूस धरला. तो अजून कण्हत होता. "रोज आग होते गं तिथे. रोज. तासभर आग होते."

मी दाराकडे वळून बघितलं. ताई त्या डागांकडे बघत होत्या. आधीही त्यांनी ते बघितलेलेच होते, टोचलंही त्यांनीच होतं.

"माझ्यापुढे कधी हूं की चूं केलं नाही त्याने," त्या म्हणाल्या. "मी विचारायचे. नाही म्हणायचा."

"ताई, तुला कसं सांगणार?" तो डोळे मिटून म्हणाला.

 ताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत काय होतं ते ओळखायला मला वेळ लागला नाही. एवढे दिवस ती नजर घेऊन मीच त्या दाराशी उभी होते. शहाणी बाई असते तर मी काहीतरी चांगलं बोलले असते, त्यांना आत बोलावलं असतं. मी त्याचा शर्ट खाली ओढला, त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, जरा मोठ्यानेच विचारलं, "दुखलं का रे फार?"

"फार," तो म्हणाला.